‘जोडीदार’ म्हणजे नक्की कोण?

तेव्हा मी एका प्रोजेक्टवर फील्डचं काम करायचो. काम काय, तर कळंबोलीला ट्रक टर्मिनलवर जाऊन ड्रायव्हर लोकांना विचारायचं की कंडोम वापरणं आपल्याला जमेल याची तुम्हाला किती खात्री आहे. वापरता का, हे नाही. जमेल का, आणि किती खात्रीने. फॉर्म एका अमेरिकन स्केलवरून मराठीत केलेला, ब्रॅफर्ड आणि बेक या दोघांनी १९९१ मध्ये तिकडच्या कॉलेजच्या पोरापोरींसाठी बनवलेलं ते, २८ वाक्यं, प्रत्येकाला ० ते ४ मार्क. दुकानात न लाजता मागता येईल का, प्यायल्यावर लक्षात राहील का, जोडीदाराला सांगता येईल का, असं सगळं.

दुपारी एक काका भेटले, बीडकडचे, पन्नाशीतले, रॉडने टायर ठोकून हवा बघत होते. मी आपलं ‘पूर्णपणे सहमत, काहीसे असहमत’ वाचायला लागलो तर म्हणाले, “हे कोर्टातलं बोलू नको बाबा, आण्यात विचार.” आणि काय सांगू, फिट बसलं की! सोळा आणे म्हणजे ४, बारा म्हणजे ३, चार म्हणजे १. आमच्या ट्रेनिंगच्या दोन दिवसांत कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं हे.

दुकानात मागणं, सोळा आणे. प्यायल्यावर, बारा आणे (हे खरं बोलले, बाकीचे सगळे इथे छाती फुगवायचे). मग मी विचारलं, जोडीदाराला कंडोमचं सांगता येईल का? काकांनी रॉड खाली ठेवला. “त्याला कशाला सांगू? तो केबिनमध्ये झोपलाय.”

लांबच्या फेरीला दोन ड्रायव्हर असतात ना, त्यातला दुसरा म्हणजे जोडीदार!

दोघंही खूप हसलो. मग मी नीट समजावलं तर म्हणाले, बाहेरची का घरची ते आधी सांग. बाहेरची असेल तर सोळा आणे, तीच आधी पाकीट पुढे करते. आणि घरी? जरा वेळ गप्पच बसले, टायरच्या खाचेत अडकलेला खडा नखाने काढत. “चार आणे धर. ऑपरेशन झालंय तिचं, बारा वर्षं झाली. आता मी पाकीट काढलं तर ती काय विचारेल, तूच सांग.”

मी काय सांगणार. चौकट एकच होती, मी त्यात ‘४/१’ लिहिलं.

संध्याकाळी सुपरवायझरने लाल पेनने गोल केला, एका प्रश्नाला दोन उत्तरं कशी म्हणून, आणि फॉर्म बाद. काकांचं मी सगळं सांगितलं त्यांना, तेही हसले आणि वरती कळवतो म्हणाले. पुढच्या आठवड्यात सुधारलेला फॉर्म आला. ‘जोडीदार’ खोडून ‘लैंगिक जोडीदार’ केलं होतं, चौकट मात्र एकच.