तुम्ही विचारलंत म्हणून: चौदा माणसं, चौदा पेले

मे महिन्यात आमच्याकडे येऊन गेलेलं माणूस उंबऱ्यात चपला घालता घालता हमखास विचारतं, "एवढी माणसं, एवढी पोरं, आणि तुमचा ओटा मोकळा कसा हो असतो?" परवा धाकट्या जावेच्या मावशींनीही विचारलं. "कसचं काय," म्हणून मी वेळ मारून नेली. आता नीट सांगते.

आम्ही कराडचे. एरवी घरात आठ माणसं. निकाल लागला की दोघी नणंदा चार पोरांना घेऊन येतात, म्हणजे चौदा. नंदावे शनिवार-रविवारी येऊन-जाऊन, त्यांना मी मोजत नाही. मुक्काम जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत.

पूर्वी ओटा कधीच मोकळा नसायचा, आणि त्याचं कारण स्वयंपाक नव्हताच. कारण होतं पाणी पिणं. उन्हाळ्यात पोरं दिवसातून दहा वेळा पाणी पितात. सात पोरं दर वेळी नवा पेला घ्यायची, अर्धं पाणी प्यायची आणि पेला जिन्यात, खिडकीत, टीव्हीमागे ठेवून पसार व्हायची. दुपारी दोनला घरात धड एक पेला मिळायचा नाही आणि मोरी मात्र भांड्यांनी भरलेली.

माळ्यावरच्या ट्रंकेत सासूबाईंनी जपलेली नाव घातलेली भांडी होती. प्रत्येक नातवंडाच्या बारशाला त्यांनी स्टीलचा पेला घेतला होता आणि भांडीवाल्याकडून त्यावर नाव-तारीख घालून घेतली होती. "चांगले आहेत" म्हणून ते वापरायचे नाहीत, असा त्यांचा दंडक. त्या गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात मी ते सगळे खाली काढले. मोठ्यांनाही लग्नातल्या, मुंजीतल्या आहेरांतून आपापल्या नावाचं काहीतरी सापडलंच. माठाशेजारी परात ठेवली. ज्याने त्याने आपल्याच पेल्यातून प्यायचं, विसळायचा, परातीत पालथा घालायचा. बस्स.

यात मला ओरडावं लागत नाही, ही खरी गंमत. दुसऱ्याने आपला पेला उचलला की ज्याचा पेला तोच बोंब मारतो. ज्या पोराला वाचता येत नव्हतं, त्याच्या पेल्याला खालून नेलपॉलिशचा ठिपका दिला होता. आता तो चौथीत गेलाय, ठिपका पुसू देत नाही.

हुरूप येऊन मी टॉवेलांनाही नावं घातली. साफ फसलं. न्हाऊन आलेलं माणूस नाव वाचत नाही, जो कोरडा दिसेल तो ओढतं. मग गच्चीवर दोरी वाढवली आणि नाद सोडला. फ्रिजवर कामांचा तक्ताही लावून पाहिला होता एका वर्षी. तिसऱ्या दिवशी त्याच्यामागे कुणीतरी क्रिकेटचा स्कोअर लिहिलेला निघाला.

कामं वाटायला तक्ता लागत नाही, वाळवण लागतं. कुरडयांचे गहू तीन दिवस भिजतात, पाणी रोज बदलावं लागतं. ते काम एकाच पोराचं, आणि तो विसरला तर गव्हाचा वास सगळ्या घराला सांगतो. चौथ्या दिवशी वाटून, गाळून चीक काढायचा, रात्रभर ठेवायचा, सकाळी वरची निवळ ओतून टाकायची. मग मीठ-हिंगाच्या आधणात तो शिजवायचा. ते घाटणं आमच्या जाऊबाईंनीच करावं, माझा हात भरून येतो. ऊन चढायच्या आत सोऱ्याने गच्चीवर घालून मोकळं व्हायचं. वाटीभर गरम चीक तेल-तिखट घालून मिळणार असेल तर पोरं पाचलाही उठतात. कावळे हाकलायची पाळी मात्र कुणालाच नको असते, म्हणून ती मामंजींकडे. छत्री, खुर्ची, पेपर. त्यांना ती हवीच असते, घरातला गोंगाट चुकतो.

एका वर्षी वळवाने गाठलं. साडेचारला आभाळ भरून आलं आणि दोनशेवर कुरडया गच्चीवर. धाकटे नंदावे बनियनवर धावले. निम्म्या वाचल्या. भिजलेल्या आम्ही फेकल्या नाहीत, घरात पंख्याखाली वाळवल्या. तळल्यावर काळपट दिसल्या, खाणाऱ्यांनी तक्रार केली नाही. तेव्हापासून वाळवण मेच्या पहिल्या पंधरवड्यातच उरकते, मृगाची वाट बघत नाही. चटणीचंही तसंच. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला, आणि डंकावर कुटून आणायचं काम नणंदा यायच्या आधी. घरात मिरची आणि चौदा माणसं एकदम नकोत. सगळे शिंकत बसतात.

आंब्याची आढी मधल्या खोलीत. तीच आमची पसाऱ्याची खोली, हे कबूल करते. गाद्यांची चळत, पत्ते, कॅरम, वर्षाच्या गव्हाची पोती, पेंढ्यातले आंबे, सगळं तिथं. ती खोली मी मे महिन्यात आवरतच नाही. दार ओढून घेते. पाहुण्यांना ओटा दिसतो, ती खोली दिसत नाही, म्हणून तर हा प्रश्न येतो! आढी मात्र रोज सकाळी एकानेच चाळायची. सगळ्यांनी दाबून बघितलं की आंबे दाबानेच खराब होतात. हा मान पोरांना पेल्याहून मोठा वाटतो, भांडणंही यावरच जास्त.

बारा ते चार घरात काही करायचं नाही. झाडणं नाही, घड्या नाहीत, कपाट लावणं तर मुळीच नाही. पडदे ओढून सगळे फरशीवर आडवे. मोठ्या नणंदेला सुरुवातीला हे पटायचं नाही. "वहिनी, एवढा वेळ फुकट?" म्हणायची. आता सगळ्यात आधी तीच घोरते.

खरं आवरणं संध्याकाळी होतं. सहाला पोरांची वरात दिरांबरोबर प्रीतिसंगमावर जाते, कृष्णा-कोयनेचं पाणी बघायला म्हणून आणि भेळ खायला. घरात तास-दीड तास शांतता. आम्ही चौघी पदर खोचतो आणि केर, घड्या, विरजण, उद्याची मटकी, सगळं बोलता बोलता उरकतं. काय बोलतो ते इथं सांगणार नाही.

नणंदा गेल्या की त्यांच्या पोरांचे चार पेले पुसून फडताळात वरच्या फळीवर ठेवते. यंदा तीनच भरले. मोरीत पाहिलं, गच्चीवर पाहिलं, आढीच्या पेंढ्यातही हात घातला. शेवटी थोरल्या नणंदेला फोन केला.

"अगं वहिनी, लेकीने नेलाय," ती म्हणाली. "कॉलेजला हॉस्टेलवर राहणार ना आता. म्हणे तिथं पेले कुणाचेही कुणी उचलतं."