शुक्रवार की मंगळवार

नववीला एक कागद दिला होता. शिवाजी महाराजांची जन्मतारीख इंटरनेटवर शोधा आणि खाली लिहा: हे खरं कशावरून? पाचही गुण 'कशावरून'ला.

एक्केचाळीस जणांनी १९ फेब्रुवारी १६३० लिहिलं. कारणं? 'गूगलवर सगळ्यात वर होतं.' 'तीन साइटवर सेम आहे.' 'कुलपाचं चिन्ह होतं.' कुलूप म्हणजे तुमचं आणि साइटचं बोलणं मधल्यामध्ये कुणाला वाचता येत नाही, एवढंच. मजकूर खोटाही असू शकतो. दरवर्षी सांगते. त्या तीन साइट शेजारी लावून वाचल्या, तर शुद्धलेखनाची चूकसुद्धा तीच! एकीचं दुसरीने उचललेलं.

एकीनेच १६२७ लिहिलं. वर्ग हसला. तिने ग्रँट डफ या कंपनी सरकारातल्या अधिकाऱ्याने लिहिलेल्या मराठ्यांच्या १८२६ सालच्या इतिहासाचं स्कॅन शोधलं होतं, पान क्रमांकासकट. कारण लिहिलं होतं, 'इथे लेखक आणि साल कळतं. बाकी ठिकाणी कुणी लिहिलंय तेच नाही.' लेखकाचं नाव शोधणारी अख्ख्या वर्गात ती एकटी, आणि उत्तर मात्र तिचंच चुकलेलं.

मग मी जेधे शकावली सांगितली, म्हणजे जेधे घराण्याकडची घटनांची तिथीवार जुनी नोंद. टिळकांनी ती छापली १९१६ साली, म्हणजे डफनंतर नव्वद वर्षांनी. तिच्यात शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार. महाराजांच्याच काळातला कवी परमानंद, त्याच्या शिवभारत या संस्कृत काव्यातही हीच तिथी. शकात ७८ मिळवतात, पण फाल्गुन येईतो इंग्रजी साल बदललेलं असतं, म्हणून ७९. झाले १६३०.

तिला पाच दिले, बाकीच्यांना दोन. स्टाफरूममध्ये एक सर म्हणाले, "तारीख बरोबर आली ना मुलांची? मग?" या 'मग'नेच आपण प्रकल्पाच्या वह्यांमध्ये 'संदर्भ: गूगल' यावर वर्षानुवर्षं बरोबरच्या खुणा केल्या आहेत. पण बरोबर लिहिणाऱ्याचे गुण कापताना माझाही हात अडखळला, आणि अजून मन स्वस्थ नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती आली. "बाई, शकावलीत शुक्रवार म्हणालात. मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये त्या तारखेला मंगळवार येतोय."

१९ फेब्रुवारी ही इंग्रजी कॅलेंडरच्या जुन्या, ज्युलियन गणतीची तारीख. मोबाइल चालतो आजच्या, ग्रेगोरियन गणतीने, तिच्यात तो दिवस दहा दिवस पुढे, १ मार्चला पडतो. तिने तिथेच १ मार्च १६३० काढून माझ्यासमोर धरला. शुक्रवार.

वीस वर्षं ही तारीख फळ्यावर लिहितेय. वार मी कधी ताडून पाहिला नव्हता.