गूगल प्लेमध्ये स्वतःचं पेमेंट जोडताना: माझा अनुभव

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये बसणाऱ्या एमपीएससीच्या मुलांसाठी आम्ही सराव प्रश्नपत्रिकांचं अँड्रॉइड ॲप चालवतो. तीन महिन्यांचा संच 499 रुपयांना, जीएसटी धरून. 2024 मध्ये या ॲपमध्ये गूगलच्या बिलिंगशेजारी आम्ही स्वतःचं पेमेंट जोडलं. ते कसं केलं, कुठे अडलं आणि शेवटी हातात काय पडलं ते आकड्यांसकट लिहितो. "आता बाहेरचं पेमेंट चालतं ना, मग टाका यूपीआय आणि मोकळे व्हा" असं पुण्यातले बरेच छोटे डेव्हलपर एकमेकांना सांगतात. ते सांगताना कमिशनचं काय होतं हे कोणी बोलत नाही.

हा मार्ग आला कुठून, ते आधी थोडक्यात. 25 ऑक्टोबर 2022 ला भारतीय स्पर्धा आयोगाने प्ले स्टोअरच्या बिलिंग धोरणावरून गूगलला 936.44 कोटींचा दंड केला आणि डेव्हलपरांवर एकाच बिलिंगची सक्ती करू नका असा आदेश दिला. मार्च 2025 मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड 216.69 कोटींवर आणला. आदेशानंतर 2023 पासून भारतात गूगलने तीन वाटा ठेवल्या. पहिली, नेहमीचं प्ले बिलिंग, फी 15 किंवा 30 टक्के. दुसरी, प्लेच्या शेजारी आपलं पेमेंट ठेवून ग्राहकाला निवड द्यायची. ग्राहकाने आपलं पेमेंट निवडलं तर गूगलची फी 4 टक्क्यांनी कमी होते, म्हणजे 15 ची 11 आणि 30 ची 26. तिसरी, ॲपमध्ये काहीच विकायचं नाही. विक्री वेबसाइटवर करायची आणि ॲपमध्ये फक्त लॉगिन ठेवायचं. यात फी शून्य.

सगळ्यात आधी वहीत हिशोब मांडा. 499 मधून 18 टक्के जीएसटी वेगळा काढला की मूळ किंमत 422.88 रुपये आणि कर 76.12. गूगलची फी कर वगळून उरलेल्या रकमेवर लागते. प्ले बिलिंगने 15 टक्के म्हणजे 63.43 रुपये. आपल्या पेमेंटने 11 टक्के म्हणजे 46.52. फरक 16.91 रुपयांचा. आता गेटवे (ग्राहकाचे पैसे घेऊन आपल्या खात्यात पोचवणारी कंपनी) 2 टक्के घेत असेल तर तो पूर्ण 499 वर घेतो, म्हणजे 9.98. राहिले 6.93 रुपये. (फीवरचा आणि गेटवेवरचा जीएसटी इनपुट क्रेडिटमध्ये, म्हणजे आपण भरायच्या जीएसटीतून वजा होऊन, परत मिळतो, म्हणून तो इथे धरलेला नाही.) जानेवारी 2020 पासून बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआयवर एमडीआर, म्हणजे व्यापाऱ्याकडून घेतलं जाणारं शुल्क, शून्य आहे, पण बरेच गेटवे प्लॅटफॉर्म फी म्हणून काहीतरी लावतातच. करारावर सही करण्याआधी यूपीआय, रुपे डेबिट, इतर डेबिट आणि क्रेडिट कार्ड असे चारही दर वेगवेगळे लिहून घ्या. "सरसकट 2 टक्के" हे वाक्य यूपीआयवाल्या गिऱ्हाइकांच्या ॲपला सगळ्यात महाग पडतं.

एक गोष्ट इथेच तपासा. वर्षाच्या पहिल्या 10 लाख डॉलर विक्रीवरचा 15 टक्के दर एकवेळच्या खरेदीला आपोआप लागत नाही. प्ले कन्सोलमध्ये (गूगलचं डेव्हलपरांसाठीचं पान) अकाउंट ग्रुप तयार करून आपली सगळी संबंधित खाती जाहीर करावी लागतात. ते राहून गेलं असेल तर तुम्ही 30 टक्के भरताय. आवर्ती सबस्क्रिप्शनला मात्र 1 जानेवारी 2022 पासून थेट 15 टक्केच आहे.

आता प्रत्यक्ष काम. गेटवेच्या केवायसीला पॅन, जीएसटी प्रमाणपत्र आणि रद्द केलेला चेक लागतो. शिवाय चालू वेबसाइट हवी आणि तिच्यावर किंमत, परतावा धोरण, गोपनीयता धोरण, पत्ता आणि फोन हे सगळं दिसायला हवं. बहुतेक अर्ज परतावा धोरणाच्या पानावरून परत येतात, तेव्हा ते आधी लिहून ठेवा. गूगलच्या बाजूला घोषणापत्र भरायचं, अटी मान्य करायच्या, कोणती ॲप्स ते सांगायचं आणि निवडीच्या पडद्यावर दाखवायला आपण घेत असलेल्या पेमेंट पद्धतींची चिन्हं द्यायची. कार्ड घेत असाल तर पीसीआय डीएसएस (कार्डाची माहिती सुरक्षित ठेवण्याचे नियम) पाळणं बंधनकारक आहे. कार्डाचा नंबर आपल्या सर्व्हरला शिवूच देऊ नका, गेटवेचंच पान उघडा. मग स्वयं-मूल्यांकनाचा सगळ्यात छोटा फॉर्म पुरतो.

कोडमध्ये प्ले बिलिंग लायब्ररीत यूझर चॉइस बिलिंग (वरची दुसरी वाट) चालू करायचं आणि त्याचा लिसनर, म्हणजे ग्राहकाची निवड कळवणारा कोड, जोडायचा. ग्राहकाने खरेदीचं बटण दाबलं की पहिल्या वेळी गूगलचं माहितीचं पान येतं आणि मग निवडीचा पडदा. त्याने आपलं पेमेंट निवडलं की लिसनरमध्ये एक टोकन, म्हणजे त्या व्यवहाराची गूगलने दिलेली खूण, हातात येतं. हे टोकन त्याच क्षणी ऑर्डर क्रमांकासोबत सर्व्हरवर नोंदवा. आम्ही पहिल्या आवृत्तीत ते फोनच्या मेमरीत ठेवलं होतं. मुलं पैसे द्यायला यूपीआय ॲपमध्ये जातात, तेवढ्यात कमी रॅमच्या फोनवर अँड्रॉइड आपलं ॲप बंद करतं आणि टोकन गेलं. पैसे आले, पण गूगलला कळवायला टोकन नाही.

कळवायचं 24 तासांच्या आत. सर्व्हरवरून एक्स्टर्नल ट्रान्झॅक्शनची नोंद करायची: आपला व्यवहार क्रमांक, टोकन, करपूर्व रक्कम आणि कर. व्यवहार क्रमांक 63 अक्षरांच्या आत हवा, त्यात इंग्रजी अक्षरं, आकडे, आडवी रेघ आणि अंडरस्कोर एवढंच चालतं. ग्राहकाचा मोबाइल नंबर क्रमांकात घुसडू नका. रक्कम मायक्रोमध्ये लिहायची, म्हणजे रुपयाचे दहा लाख भाग. 422.88 रुपये म्हणजे 422880000 आणि कर 76120000. गेटवे पैशांत बोलतो, 499 म्हणजे 49900. आणि ही दोन एककं एकाच फंक्शनमधून नेली की शून्यं चुकतात. दोन्हींसाठी वेगळी फंक्शनं लिहा. कर काढताना मूळ किंमत आधी दोन दशांशांपर्यंत आणा आणि कर वजाबाकीने काढा, नाहीतर कराचे पुढचे दशांश नुसते छाटले गेले की बेरीज 498.99 येते आणि महिनाअखेरीला ताळमेळ लागत नाही.

सगळ्यात जास्त वेळ गेला यूपीआयवर. गेटवेचं पान वेबव्ह्यूमध्ये (ॲपच्या आतला छोटा ब्राउझर) उघडलं तर यूपीआयचं बटण दाबून काहीच होत नाही, कारण वेबव्ह्यूला वेबचे पत्ते कळतात, यूपीआयची लिंक कळत नाही. ती लिंक पकडून आपणच इंटेंट, म्हणजे यूपीआय ॲप उघडायची अँड्रॉइडला विनंती, सोडावा लागतो. अँड्रॉइड 11 पासून मॅनिफेस्टमध्ये (ॲपची माहिती अँड्रॉइडला देणारी फाइल) क्वेरीज विभागात यूपीआय स्कीम जाहीर केली नाही, तर फोनवर तीन यूपीआय ॲप्स असूनही यादी रिकामी दिसते.

दुसरी अडचण लटकलेल्या पेमेंटची. रात्री अकराला अभ्यासिकेतल्या मुलाला बँकेचा 499 कापल्याचा संदेश येतो, ॲपमध्ये मात्र "पेमेंट प्रलंबित" आणि पेपर बंद. सकाळी परीक्षा असेल तर त्या मुलाचं काय होत असेल! म्हणून फक्त वेबहुकवर, म्हणजे गेटवेकडून आपल्या सर्व्हरला येणाऱ्या संदेशावर, विसंबू नका. ऑर्डर केल्यावर 30 सेकंद, 2 मिनिटं, 10 मिनिटं अशा टप्प्यांनी सर्व्हरने स्वतः गेटवेला स्थिती विचारावी. एकच वेबहुक दोनदा येतो, तेव्हा ऑर्डर क्रमांकावर कुलूप हवं. बँकेत पैसे कापले आणि व्यापाऱ्याला पोचले नाहीत, तर रिझर्व्ह बँकेच्या 2019 च्या नियमाने पाच दिवसांत रक्कम आपोआप परत जायला हवी, त्यानंतर दिवसाला 100 रुपये भरपाई. हे वाक्य आम्ही मदतीच्या पानावर मराठीत लिहून ठेवलंय. पालकांचे फोन निम्मे याच प्रश्नाचे असतात.

परताव्याचं सांगतो. प्ले बिलिंगमध्ये परतावा दिला की फीचा हिशोब तिथेच होतो. आपल्या पेमेंटमध्ये गेटवेवर परतावा द्यायचा आणि तो गूगललाही वेगळा कळवायचा, नाहीतर परत केलेल्या 499 वरही 46.52 रुपयांचं बिल येतं. गेटवेची फी सहसा परत मिळत नाही. सबस्क्रिप्शन विकत असाल तर जो ज्या वाटेने आला त्याचं नूतनीकरण आणि प्लॅनबदल त्याच वाटेने करा. कार्डाच्या ई-मँडेटला (आपोआप वसुलीची ग्राहकाने आधी दिलेली परवानगी) वसुलीआधी 24 तास सूचना द्यावी लागते आणि 15,000 रुपयांपर्यंत पुन्हा ओटीपी लागत नाही.

करांचं काम वाढतं, हे गृहीत धरा. प्लेमधून आलेल्या पैशांतून ऑनलाइन विक्रीवरचा प्राप्तिकराचा टीडीएस (1 ऑक्टोबर 2024 पासून 0.1 टक्का) आणि जीएसटीचा टीसीएस (10 जुलै 2024 पासून 0.5 टक्का) वळता होतो. टीडीएस प्राप्तिकराच्या पोर्टलवर दिसतो. टीसीएस मात्र जीएसटी पोर्टलवर जाऊन स्वीकारावा लागतो, तेव्हा तो रोख खात्यात जमा होतो. प्ले आणि गेटवे यांची विक्री पहिल्या दिवसापासून दोन रकान्यांत ठेवा. 31 डिसेंबर 2024 च्या परिपत्रकानुसार ऑनलाइन सेवेच्या बिलावर ग्राहकाचं राज्य लिहावंच लागतं, रक्कम कितीही छोटी असो. म्हणून पेमेंटच्या फॉर्ममध्ये राज्याचा रकाना ठेवा. पुण्यात खोली घेऊन राहणारा बेळगावचा मुलगा कर्नाटक निवडतो, आणि त्याच्या बिलावर 9 अधिक 9 (केंद्र आणि राज्य) ऐवजी 18 टक्के आयजीएसटी, म्हणजे दुसऱ्या राज्यातल्या विक्रीचा जीएसटी, लागतो.

एवढं सगळं करून ऑर्डरमागे 6.93 रुपये. माझं मत स्पष्ट आहे: ॲप स्टोअरच्या वादाचं मूळ कमिशनमध्ये आहे, पेमेंटचं बटण कोणाचं याला त्यामानाने कमी महत्त्व आहे. दक्षिण कोरियाने 2021 मध्ये स्टोअरच्या बिलिंगची सक्ती थांबवणारा जगातला पहिला कायदा केला, तिथेही गूगलने सूट 4 टक्क्यांचीच ठेवली. नेदरलँड्समध्ये डेटिंग ॲप्सना बाहेरचं पेमेंट देताना ॲपलने 27 टक्के मागितले आणि जानेवारी 2024 मध्ये अमेरिकेत बाहेरच्या लिंकवरही 27 टक्केच. गेटवेचे 3 धरले की पुन्हा 30! एपिक या गेम कंपनीने ॲपलवर भरलेल्या खटल्यात न्यायमूर्ती इव्हॉन गोन्झालेझ रॉजर्स यांनी 30 एप्रिल 2025 ला तो न्यायालयाच्या आधीच्या आदेशाचा भंग ठरवला. बटण खुलं करून कमिशन तसंच ठेवलं तर काय होतं, हे त्या निकालात लख्ख दिसतं. स्टोअरची बाजूही खोटी नाही: खोटी पेमेंट पानं असतात, आणि एका जागी सबस्क्रिप्शन बंद करता येणं पालकांना खरंच हवं असतं. म्हणून आपल्या ॲपमध्ये "रद्द करा" बटण पहिल्या पडद्यावर ठेवा. पण त्या सुरक्षेची किंमत 499 मागे 46 रुपये होते, हे मला पटत नाही.

आम्ही सध्या दोन्ही ठेवलंय: ॲपमध्ये निवडीचा पडदा, आणि वेगळी वेबसाइट. वेबसाइटवर त्याच 499 मागे फक्त गेटवेचे 9.98 जातात. अभ्यासिकांच्या फलकावर क्यूआर लावलाय, तो वेबसाइटवर नेतो. मुलगा तिथे पैसे भरतो आणि ॲपमध्ये त्याच मोबाइल नंबरने ओटीपी टाकून आत येतो. नंबर एकच हवा, हे फलकावर क्यूआरच्या वरच ठळक लिहा. वडिलांच्या फोनवरून पैसे भरले की मुलं त्यांचाच नंबर टाकतात आणि मग पेपर वडिलांच्या खात्यात उघडतो. यासाठी पैसे भरण्याआधी "पेपर कोण सोडवणार?" असा एक प्रश्न आणि त्याच्याखाली विद्यार्थ्याच्या नंबरचा वेगळा रकाना ठेवला, तेव्हा हे फोन थांबले.