बोल्हाई मटणाची पाई: तळ अखेर कुरकुरीत!

तळ जमला! साच्याची सुटी चकती सरकवून पाईच्या बुडाला नख आपटलं, तर कडक खारीसारखा आवाज आला. सुरी घातल्यावर तुकडा सबंध उचलला गेला, बूड साच्यातच चिकटून राहिलं नाही. गेले कित्येक रविवार ज्यासाठी झगडत होतो ते हेच.

मसाल्याबद्दल मागे सविस्तर लिहिलं आहे, तो आता पक्का: 700 ग्रॅम बिनहाडाच्या मटणाला दीड चमचा गोडा मसाला, एक चमचा तिखट, भरपूर आलं-लसूण, शेवटी ताजी मिरपूड. मटण बोल्हाईचंच, पुढच्या फऱ्याचं. पुण्याबाहेरच्या मंडळींसाठी सांगतो: वाडेबोल्हाईच्या देवीला मानणारी अनेक घरं बोकड खात नाहीत, मेंढी खातात. त्यामुळे आमच्याकडे मेंढीच्या मटणाची वेगळी दुकानं आहेत आणि लॅम्ब पाईसाठी गोठवलेलं परदेशी मांस शोधावं लागत नाही. मेंढीच्या चरबीला जो वास आणि जी गोडी असते ती पाईत हवीच. बोकडाची पाई चांगली होते, पण कोरडी वाटते.

आता तळ. तो ओला राहू नये म्हणून ब्लाइंड बेक (सारण भरण्याआधी नुसती पारी भाजून घेणं), अंड्याचा पांढरा, रवा पेरणं, हे तिन्ही उपाय सगळीकडे सुचवलेले असतात. दोन्हीकडून पारी असलेल्या पाईला ब्लाइंड बेक मला पटत नाही. भाजलेल्या कडेला कच्चं झाकण नीट चिकटत नाही आणि रस्सा नेमका सांध्यातून बाहेर येतो. पांढऱ्याचा थर थोडा वेळ तग धरतो. रवा रस्सा पितो खरा, पण मग पारी आणि मटण यांच्यामध्ये सांज्याचा थर बसतो. तो मला नको होता.

अडचण मुळात तापमानांची आहे. लोणी 32 ते 35 अंशांना वितळतं. मैद्यातला स्टार्च फुगून पारीला अंग यायला 55-60 अंशांच्या पुढे जावं लागतं. मधल्या वेळात पारी म्हणजे नुसता ओला, तुपकट मैदा, आणि त्यावर रस्सा उभा. म्हणजे तेवढा वेळ रस्सा पातळ असता कामा नये.

त्यावरून पायांची आठवण झाली. इंग्लंडात पोर्क पाईत जी जेली ओततात ती डुकराच्या पायांच्या अर्काची असते. आपल्याकडे पायाचं सूप रात्रभर फ्रीजमध्ये राहिलं की थिजतं, ते त्याच जिलेटीनमुळे. म्हणून मेंढीचे दोन पाये कुकरमध्ये छान शिजवले, अर्क गाळून घेतला आणि मटण त्यातच पातेल्यात मंद आचेवर दोन तास ठेवलं. (मटण स्वतः कुकरमध्ये नको. शिट्ट्यांनी तुकड्यांचे धागे सुटतात, पाईत अख्खा तुकडा लागला पाहिजे.) रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलेलं सारण सकाळी सुरीने कापता येत होतं. ते तसंच थंडगार पारीत भरलं.

एवढ्याने काम अर्धंच झालं. कडेचा तळ सुधारला, मध्यभाग ओलाच राहिला. कारण जिलेटीनही 35 अंशांच्या आतच पुन्हा पातळ होतं. सारण वितळायच्या आधी बूड भाजून झालं पाहिजे, आणि आमच्या ओटीजीची (छोट्या विजेच्या ओव्हनची) खालची कांडी तेवढी जलद उष्णता देत नाही. तिच्यावर ट्रे ठेवला की आणखीच मंद.

उत्तर स्वयंपाकघरातच होतं: बिडाचा तवा. खालच्या जाळीवर तो ठेवून ओव्हन 220 अंशांवर पाऊण तास तापवला आणि साचा थेट तव्यावर ठेवला. वीस मिनिटं 220, मग 180 वर चाळीस. जड तवा साठवलेली उष्णता एकदम बुडाला देतो. थंड जेली वर आणि तापलेला तवा खाली, दोन्ही एकत्र आले तेव्हाच तळ वाजला.

साच्याबद्दल माझं मत आता ठाम आहे. काचेचं भांडं दिसायला छान, पण उशिरा तापतं, आणि तापलेल्या तव्यावर ठेवलं तर तडकेल. पुण्याच्या बोहरी आळीत मिळणारा साधा, सुट्या बुडाचा ॲल्युमिनियमचा साचा सगळ्यांत उत्तम. शिवाय ओव्हनमध्ये टांगायचा छोटा थर्मामीटर घ्याच. ओटीजीच्या बटणावरचा आकडा आणि आतलं तापमान यांत आमच्याकडे चांगलंच अंतर आहे.

वाटणातही बदल केला. सुकं खोबरं ओव्हनच्या उष्णतेत तेल सोडतं, ते थेट बुडात मुरतं. खोबरं काढून टाकलं, दाटपणासाठी दोन चमचे डाळ्यांचं पीठ घातलं. चव थोडी बदलली, पण गोड्या मसाल्यात खोबरं असतंच, ते पुरतं.

कडेला करंजीसारखी मुरड घातली होती. एक थेंबही बाहेर आला नाही! काट्याने दाबलेली कड दर वेळी कुठेतरी उघडायची. मुरड कायमची.

पुढची पाई साट्याची, पापुद्रे सुटणाऱ्या झाकणाची करायची असं ठरवलं होतं. पण हे लिहिताना फ्रीजमधली वाटी आठवली: थंड सारणावरून खरवडून काढलेली चरबी. लालभडक, मसाल्याच्या वासाची, घट्ट. ती टाकायची कशाला? स्कॉटलंडच्या मटण पाईची पारी गरम पाण्याचीच असते. पाणी आणि चरबी एकत्र उकळून मैद्यात ओतायची, मोदकाच्या उकडीसारखी गरम असतानाच मळायची. अशी पारी अंगाने मजबूत असते, रस्सा लवकर पीत नाही, आणि एप्रिलच्या पुण्यात लोणी हाताळण्याचा जाचही संपतो. साटा राहू दे.

प्रमाण असं धरतोय: 400 ग्रॅम मैदा, 130 ग्रॅम चरबी, 170 मिली पाणी, चमचाभर मीठ. वाटीतली चरबी एवढी भरणार नाही, म्हणून खाटकाकडून थोडी आणून कढवेन. एकच शंका आहे. मेंढीची चरबी गार झाली की टाळ्याला चिकटते, तेव्हा निम्मं तूप घालावं का? तुपाने पारी मऊ पडेल असं वाटतं. पहिल्यांदा तीन भाग चरबी, एक भाग तूप करून बघतो. कुणी मेंढीची चरबी कढवून बरणीत ठेवत असाल तर ती फ्रीजबाहेर किती टिकते तेवढं कळवा, म्हणजे शनिवारीच आणून ठेवता येईल.