किंडरगार्टनची हॅलोविन पार्टी: दहा मिनिटांत होतील अशी क्राफ्ट्स

ऑक्टोबर लागला की अमेरिकेतल्या शाळांकडून पार्टीत कोण काय करणार याची साइनअपची यादी येते आणि ‘क्राफ्ट टेबल’समोर कुणा ना कुणा आईबाबांचं नाव पडतं. मग फोनवर फोटो शोधणं सुरू होतं आणि गणित तिथेच चुकतं, कारण त्या फोटोंतल्या बहुतेक वस्तू मोठ्या माणसांनी निवांत बसून केलेल्या असतात. किंडरगार्टनची मुलं पाच-सहा वर्षांची. पार्टी जेमतेम तासाभराची, त्यात पाच-सहा मुलांचे गट एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरणार. एका गटाच्या वाट्याला दहा-बारा मिनिटं येतात आणि त्यातली दोन सुपरहिरोचा केप खुर्चीत अडकला म्हणून जातात. तेव्हा वस्तू दिसते किती छान, हे नंतर. ती आठ मिनिटांत पुरी होऊन लगेच हातात घेता येते का, हे आधी.

या कसोटीवर सगळ्यात चांगलं उतरतं ते पेपर प्लेटवरचं कोळ्याचं जाळं. 9 इंची, साधी, चकाकी नसलेली कागदी प्लेट घ्या. थर्मोकोलसारखी फोमची प्लेट भोकापाशी तडकते. घड्याळातले आकडे असतात तशी 12 भोकं काठापासून सेंटिमीटरभर आत, घरीच पंचने पाडून न्या. भोक फार कडेला पडलं तर मूल लोकर ओढतं आणि काठच फाटतो. काळी लोकर प्रत्येकाला पावणेदोन मीटर, म्हणजे मोठ्या माणसाने दोन्ही हात पसरल्यावर मावेल एवढी. त्याहून लांब घेतलीत तर वेळ फक्त गुंता सोडवण्यात जाईल. लोकरीच्या एका टोकाला बोटाच्या दोन पेरांएवढी चिकटपट्टी घट्ट गुंडाळून बुटाच्या नाडीसारखं कडक टोक करायचं. ही पायरी टाळू नका. लोकरीचे तंतू सुटले की पाच वर्षांच्या हाताला ती भोकातून घालताच येत नाही. दुसरं टोक प्लेटच्या मागे चिकटवून टाका आणि पहिला टाका तुम्हीच वर काढून ठेवा.

मुलांना नियम एकच सांगायचा: लोकर वर आली की समोरच्या भोकात, खाली गेली की शेजारच्या भोकात. हा नियम न सांगितल्यास निम्मी मुलं काठाकाठाने शिवत जातात आणि जाळ्याऐवजी झालर लागलेली प्लेट तयार होते. एखाद्याने नियम मोडून कुठूनही कुठेही लोकर नेली तरी बिघडत नाही, उलट जाळं जास्त खरं दिसतं. कोळी चिकटवत बसू नका. काळ्या प्लास्टिकच्या कोळ्याच्या अंगठ्या पाकिटात मिळतात, ती अंगठी शेवटच्या टाक्याआधी लोकरीत ओवली की काम झालं. डिंक नाही, वाळवणं नाही.

दुसरं टेबल इजिप्तमधल्या, पट्ट्यांत गुंडाळलेल्या ममीचं. काळ्या कन्स्ट्रक्शन पेपरचा, म्हणजे जाडसर रंगीत क्राफ्ट-कागदाचा, 9 बाय 12 इंची कागद चार भागांत कापला की चार ममींची अंगं झाली. पांढऱ्या पट्ट्यांना प्रिंटरचाच कागद बरा. 8.5 बाय 11 च्या कागदाच्या आडव्या बाजूने अर्ध्या इंचाच्या 22 पट्ट्या निघतात, त्या दोन मुलांना पुरतात. क्रम महत्त्वाचा: डोळे आधी, पट्ट्या नंतर. उलटं केलं तर डोळ्यांची जागा उरत नाही आणि ममी नुसता पांढरा ठोकळा होते. ग्लू स्टिक काळ्या कागदावर फिरवायची, पट्टीवर नाही, कारण बारीक पट्टीवर काडी दाबली की ती फाटून बोटांना चिकटते. पट्ट्या वाकड्याच लावू द्या, दोन्ही बाजूंनी बाहेर आलेली टोकं शेवटी कागद उलटा करून मुलांनाच कापू द्या. हलणारे डोळे मागे गोंद असलेले घ्या आणि मागचा कागद घरीच अर्धा उचकटून ठेवा, छोट्या नखांना तो निघत नाही. नुसत्या ग्लू स्टिकने हे प्लास्टिकचे डोळे टिकत नाहीत, बसमध्येच गळतात.

पट्ट्यांचा भोपळा त्याहून थोडा अवघड, पण घरी पोचल्यावर शेल्फवर टिकतो तो हाच. दिवाळीत आकाशकंदील केलेल्यांना ही बांधणी समजवावी लागणार नाही. नारिंगी कन्स्ट्रक्शन पेपरच्या 12 इंच लांब, एक इंच रुंद अशा चार पट्ट्या एका मुलाला. एका कागदातून नऊ पट्ट्या निघतात, म्हणजे 24 मुलांना 11 कागद. जाड कार्डस्टॉक नको, तो वाकवला की उसळी मारून सुटतो. प्रत्येक पट्टीला मधोमध एक आणि दोन्ही टोकांना एकेक भोक आधीच पाडा. फोटोंमध्ये दिसणाऱ्या पितळी पिना इथे त्रासदायक, आठ थरांतून त्या मुलांच्या हातून जात नाहीत. त्याऐवजी हिरव्या पाइप क्लीनरच्या (मऊ धाग्यांचं आवरण असलेल्या वाकणाऱ्या तारेच्या) टोकाला एक मोठा मणी अडकवा. चारही पट्ट्यांची मधली भोकं त्यात ओवा, पट्ट्या चांदणीसारख्या पसरा आणि मग टोकं एकेक उचलून वर ओवा. एक टोक उचललं की पुढचं त्याच्या बरोबर समोरचं. शेजारशेजारची टोकं ओळीने ओवली की भोपळा एका अंगाला कलतो. उरलेला पाइप क्लीनर पेन्सिलीभोवती गुंडाळला की वेल तयार. त्याचं कापलेलं टोक तारेचं असतं, टोचतं, ते आधीच दुमडून ठेवा.

कॉफी फिल्टरचं वटवाघूळ देखणं होतं, पण ते फक्त बाईंनी आदल्या दिवशी रंगवून घ्यायचं कबूल केलं तरच. धुऊन निघणाऱ्या मार्करने रंगवून वर पाण्याचे तीन-चार फवारे मारले की रंग पसरतात. पक्क्या शाईचा मार्कर पाण्याने पसरत नाही. निळा आणि जांभळा एवढेच रंग द्या, त्यात नारिंगी-हिरवा आला की चिखल. वाळलेला फिल्टर मधोमध चुण्या घालून काळ्या लाकडी चिमट्यात पकडला की पंख झाले.

रंगात हात बुडवून कोळी काढायचा मोह पार्टीच्या दिवशी आवरा. अंगठे सोडून दोन हातांची आठ बोटं म्हणजे कोळ्याचे आठ पाय, कल्पना झकास आहे, पण त्या दिवशी मुलं एल्सा आणि स्पायडरमॅन होऊन आलेली असतात आणि पोशाखावर काळा रंग सांडला की रडारड ठरलेली. चमकी तर घरीच ठेवा. ग्लू गन शाळेत नेऊच नका.

गोळ्या-बिस्किटांची क्राफ्ट्सही टाळलेली बरी. वर्गात कुणाला शेंगदाण्याची, कुणाला गव्हाची ॲलर्जी असू शकते, आणि प्ले-डोमध्येही गहू असतो हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. काही घरांत हॅलोविन पाळत नाहीत आणि काही शाळा पार्टीला नुसतं ‘फॉल पार्टी’, म्हणजे शरद ऋतूची पार्टी, म्हणतात. तिथे भोपळा चालतो, ममी अडते, म्हणून सामान आणण्याआधी बाईंना एक ईमेल टाका.

प्रत्येक मुलाचं सामान वेगळ्या झिपलॉक पिशवीत भरा, वर्ग 24 चा असेल तर 27 पिशव्या. एखादी प्लेट फाटते, एखादं धाकटं भावंड आईबरोबर येतं. टेबलावर दोन डावऱ्या कात्र्या ठेवा. वस्तू हातात देण्याआधी मागे नाव लिहून घ्या, कारण 24 जाळी एका ढिगात गेली की आपलं कुठलं हे कुणालाच ओळखू येत नाही. तीन मिनिटांत सगळं आटपून “आता काय?” विचारणारं एक मूल प्रत्येक गटात असतंच. त्याच्यासाठी काळे कागद आणि पांढरे खडू बाजूला काढून ठेवा.