तारीख पुढं ढकलणारे

दुपारी चारच्या सुमाराला लातूरच्या मोंढ्यात सोयाबीनच्या पट्ट्या हातात पडतात आणि सगळ्यांच्या माना मोबाईलमध्ये जातात. आडत्यानं पैसे सोडलेत, मेसेज मात्र नाही. 'सर्व्हर डाऊन असंल,' असं कुणीतरी म्हणतं. सर्व्हर बहुतेक वेळा ठणठणीत असतो. एनईएफटी, म्हणजे एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठवायची सोय, दर अर्ध्या तासाच्या गठ्ठ्यानं जाते, दिवसाचे ४८ गठ्ठे, आणि गठ्ठा मिटल्यावर समोरच्या बँकेला जमा करायला दोन तासांची मुभा असते. चहा घ्यावा.

१६ डिसेंबर २०१९ पासून हे गठ्ठे रात्रंदिवस, सुट्टीच्या दिवशीही चालतात. बँकेच्या संगणक विभागातल्या माणसांची हक्काची रात्र तेव्हापासून गेली. आधी रात्री व्यवहार जवळपास थांबायचे आणि निवांतपणे डे-एंड, म्हणजे दिवसाचा हिशेब मिटवून तारीख पुढं ढकलायचं काम, चालायचा. आता यूपीआय सुरूच, त्यामुळं कालचा दिवस मिटायच्या आत आजचा उघडून ठेवावा लागतो. बाहेर तारीख बाराच्या ठोक्याला आपोआप बदलते. बँकेत ती कुणीतरी बदलावी लागते, आणि हे बदलणारे लोक बहुतेक नवी मुंबईत किंवा पुण्यात बसलेले असतात. त्यात नांदेड-परभणीची पोरं भरपूर. वेळ अमावस्येला गाव शेतात आंबिल पीत असतं, तेव्हा हे शिफ्टवर असतात, कारण सर्व्हरच्या हॉलिडे मास्टरमध्ये, म्हणजे सुट्ट्यांच्या यादीत, ती अमावस्या नसते.

डे-एंडची सुरुवात शाखेतून होते. प्रत्येक कॅशियरची रोकड व्हॉल्टमध्ये जमा, एंट्री केलेलं पण साहेबांनी व्हेरिफाय न केलेलं एकही व्हाउचर शिल्लक नाही, मगच शाखा बंद होते. निम्मे घोळ इथलेच. साहेब गाडीत बसलेले असतात आणि एक व्हाउचर त्यांच्या आयडीची वाट बघत लोंबकळत असतं. पुढचं काम केंद्रात. आधी बॅकअप, मग व्याज, मग स्टँडिंग इन्स्ट्रक्शन (ठरल्या तारखेला आपोआप पैसे वळवायच्या ग्राहकाच्या सूचना), कर्जाच्या हप्त्यांची मागणी, थकबाकीची खूण आणि शेवटी तारीख.

यातला प्रत्येक टप्पा म्हणजे एक जॉब, आपोआप चालणारा प्रोग्रॅम. व्याजाचा जॉब सगळ्यांत नाजूक. बचत खात्याला १ एप्रिल २०१० पासून रोजच्या शिल्लकेवर व्याज लागतं. त्याआधी महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंतची सगळ्यांत कमी शिल्लक धरायचे. म्हणून जुने मास्तर दहाच्या आत पगार भरायचे आणि मग महिनाभर खात्याला हात लावायचे नाहीत. काहीजण अजूनही लावत नाहीत. सगळ्या शाखा एका संगणकाला जोडणारं कोअर बँकिंग आलं, 'हैदराबाद बँक' २०१७ च्या १ एप्रिलला स्टेट बँकेत गेली, तरी तोंडात हैदराबाद बँकच आहे; तसंच हे.

अडीच टक्क्यांनी दहा हजारांवर दिवसाला ६८ पैसे आणि वर थोडं. ते 'वर थोडं' टाकून देत नाहीत. दशांशासकट जपून ठेवायचं आणि जमा करतानाच रुपया-पैशात बसवायचं. आता पहाटे तीनला एका खात्याचा व्याजदराचा कोड रिकामा निघाला, की जॉब पडतो, म्हणजे मध्येच बंद होतो. लॉग, म्हणजे जॉबनं काय केलं त्याची नोंदवही, उघडायचा, शेवटचा खाते क्रमांक बघायचा, तेवढं खातं दुरुस्त करायचं आणि जिथपर्यंतचं काम कमिट, म्हणजे कायमचं जमा, झालंय तिथून पुढं सोडायचं. झोपेच्या भरात पहिल्यापासून सोडला आणि प्रोग्रॅममध्ये 'या तारखेचं व्याज लागलंय का' ही तपासणी नसेल, तर हजारो खात्यांना दुबार व्याज. ग्राहक तक्रार करत नाहीत. ते परत काढून घेतलं की मात्र करतात.

थकबाकीच्या खुणेला असा गोंधळ नसतो. हप्ता ३१ मार्चचा असेल आणि आला नसेल, तर त्याच दिवसाच्या डे-एंडला खातं थकीत. तो डे-एंड प्रत्यक्षात पहाटे पाचला चालला तरी तारीख ३१ मार्चचीच. रिझर्व्ह बँकेनं १२ नोव्हेंबर २०२१ च्या परिपत्रकात हे उदाहरणासकट सांगितलंय. हप्ता तसाच राहिला तर ३० एप्रिलला एसएमए-१, ३० मेला एसएमए-२ (या धोक्याच्या पायऱ्या), २९ जूनला एनपीए, म्हणजे बुडीतकडे झुकलेलं अनुत्पादक कर्ज.

पीककर्जाला हे दिवस लागत नाहीत, हंगाम लागतात. अल्पमुदतीच्या पिकाचं कर्ज दोन हंगाम थकलं की एनपीए. म्हणजे त्या थंडगार खोलीतल्या यंत्राला खरीप कधी संपतो ते माहीत असतं, कारण कुणीतरी ते टेबलात भरलेलं असतं. सप्टेंबरात सोयाबीन पाण्याखाली गेलं ते मात्र त्याला कळत नाही. कर्ज फेडायची मुदत वाढवायचा, म्हणजे पुनर्गठनाचा, निर्णय झाला, शेतकऱ्यानं संमतीपत्रावर सही केली, तरी शाखेनं नवी मुदत एकेका खात्यात भरावी लागते. शाखेत माणसं दोन, खाती दीड हजार, मध्येच लाईट जाते. भरायची राहिली, तर रात्रीचा जॉब जुनी तारीख वाचतो आणि खातं थकीत करून पुढं जातो. जॉब पडत नाही, लॉगमध्ये लाल ओळ येत नाही, शिफ्टवरच्या पोराला काही दिसत नाही. संमतीपत्र दिल्यावर आठवडाभरानं खात्याचा उतारा मागावा आणि त्यावरची मुदतीची तारीख तेवढी बघून घ्यावी.