खुर्च्यांवर कोण बसलंय?

फोटो कृष्णधवल आहे. जंप बॉलसाठी, म्हणजे सामना सुरू करायला वर फेकलेल्या चेंडूसाठी, एका बाजूला कॅन्सस विद्यापीठाचा विल्ट चेंबरलेन, उंची सात फूट. त्याच्यासमोर नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचा टॉमी कर्न्स, पाच फूट अकरा इंच. २३ मार्च १९५७, कॉलेज बास्केटबॉलची राष्ट्रीय फायनल. कोच फ्रँक मग्वायरने पहिल्या पाचातला सगळ्यात बुटका गडी मुद्दाम पाठवला होता. चेंबरलेनपुढे जंप बॉल कोणालाच मिळणार नव्हता, मग उंच माणूस तिथे कशाला वाया घालवा? उलट समोरचा क्षणभर चक्रावला तर तेवढाच फायदा.

बाबांना हा फोटो दाखवला तर ते कितीतरी वेळ हसत राहिले. म्हणाले, "हा कोच वऱ्हाडातला दिसतो."

बाबा यंदा उन्हाळ्यात आमच्याकडे नॉर्थ कॅरोलायनात कॅरीला आले होते. इथे आलेल्या आईबाबांचं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. सुरुवातीला सगळ्याचं कौतुक, मग "रस्त्यावर माणूस म्हणून दिसत नाही गं" सुरू. देऊळ झालं, मंडळाची पिकनिक झाली, कॉस्टको तर इतक्यांदा झालं की तिथली सॅम्पलवाली बाई त्यांना ओळखायला लागली. बाबा साठच्या दशकात नागपूर विद्यापीठाकडून बास्केटबॉल खेळलेले आहेत, आणि या विद्यापीठाचं गाव चॅपल हिल आमच्यापासून गाडीने अर्ध्या तासावर. लेक तिथेच शिकली, त्यामुळे आमच्या घरात पडद्यांपासून मगपर्यंत सगळं विद्यापीठाच्या रंगाचं, फिकट निळं. तर बाबांना तिथल्या बास्केटबॉल म्युझियममध्ये नेलं. तिकीट नाही हे कळल्यावर ते लगेच तयार झाले.

ती १९५७ ची फायनल तीन ओव्हरटाइमनंतर (बरोबरी झाली की दिलेला जादा वेळ) ५४-५३ अशी नॉर्थ कॅरोलायनाने जिंकली. आदल्या रात्रीची सेमीफायनलसुद्धा तीन ओव्हरटाइमची! हंगामात ३२ सामने, ३२ विजय. मला त्यात भावतं ते वेगळंच. या दक्षिणेतल्या राज्याने ज्यांना डोक्यावर घेतलं ते पाचही जण न्यूयॉर्क भागातले होते, चार कॅथलिक आणि एक ज्यू. बोली वेगळी, चर्च वेगळं. मग्वायर स्वतः न्यूयॉर्कचा, त्याने आपल्या ओळखीतून एकेक पोरगा खाली आणला. बाहेरून आलेल्यांनी राज्याचं नाव काढलं, आणि राज्याने त्यांना आपलं म्हटलं. हे मी ऑफिसात अधूनमधून सांगत असते. का, ते तुम्हाला कळेल.

आता खरा मुद्दा. घरी आल्यावर लेकीने आजोबांना विद्यापीठाच्या लायब्ररीतले जुने फोटो लॅपटॉपवर काढून दिले. ह्यू मॉर्टन नावाचे एक फोटोग्राफर होते, याच विद्यापीठाचे विद्यार्थी. १९४० च्या दशकापासून आयुष्यभर ते या संघाचे फोटो काढत राहिले. २००६ मध्ये ते गेल्यावर त्यांचा सुमारे अडीच लाख छायाचित्रांचा, निगेटिव्हांचा ढीग लायब्ररीकडे आला. लायब्ररीच्या लोकांनी तो लावायला घेतला, आणि ज्या फोटोतली माणसं ओळखू येईनात ते चक्क इंटरनेटवर टाकून लोकांना विचारलं, हा कोण, हे साल कुठलं, ही मॅच कोणती. म्हाताऱ्या विद्यार्थ्यांनी उत्तरं लिहिली, एकमेकांना दुरुस्त केलं. शिवाय विद्यापीठाची जुनी वार्षिकं स्कॅन करून ठेवलेली. संघाचा फोटो, खाली डावीकडून उजवीकडे सगळ्यांची नावं. न खेळलेल्याचंही आहे, टॉवेल-पाणी बघणाऱ्या मॅनेजरचंही.

बाबा गप्प झाले, आणि मला राग आला. कारण आमच्याकडचा फोटो मला पाठ आहे. तुम्हालाही असेल. पुढे पाच खुर्च्या. मधोमध प्रमुख पाहुणे, एका बाजूला प्राचार्य, दुसऱ्या बाजूला जिमखाना प्रमुख. उरलेल्या दोन खुर्च्यांवर कोण बसणार यावर फोटोआधी अर्धा तास खल, शेवटी संस्थेचे कोणी तरी येऊन बसतात. त्यांच्या गळ्यात हार. ज्यांनी मॅच जिंकली ते मागे बाकावर उभे, शेवटच्या दोघांचे चेहरे अर्धे कापलेले. दोघं खाली जमिनीवर मांडी घालून, त्यांच्यामध्ये शिल्ड. आणि खालच्या पट्टीवर नावं कोणाची? खुर्चीवाल्यांची. बाकीच्यांसाठी "विजयी संघ" एवढे दोन शब्द. बाबांचा विद्यापीठाचा फोटो असाच आहे. माझ्या भावाचा क्रिकेटचा असाच आहे. माझ्या चुलत बहिणीच्या शाळेतला लेझीमचा फोटोसुद्धा असाच आहे.

बाबा आपल्या बाजूने बोलायला लागले. "पैसे कुठे होते तेव्हा? फोटोग्राफर वर्षातून एकदा यायचा. पाहुण्याने शिल्डचे पैसे दिलेले असायचे, त्याला काय उभा करणार?" हेही खरंच. इथे ज्या खेळाच्या तिकिटांवर आणि टीव्हीवर कोट्यवधी डॉलर मिळतात, त्या खेळाचे फोटो सांभाळायला लोक असणारच. आपल्या कॉलेजात बॉलला हवा भरायचा पंप कपाटात कुलूपबंद आणि किल्ली रजेवर गेलेल्या शिपायाकडे. तुलना बरोबरीची नाही, मला कळतं. पण नावं लिहायला काय पैसे लागतात का हो बाबा? शाई लागते. यावर ते म्हणाले, चहा कर.

चॅपल हिलच्या फोटोंमध्ये आणखी एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. बास्केट करून परत धावणारा खेळाडू बोट दाखवत असतो. प्रेक्षकांकडे नाही, ज्याने पास दिला त्याच्याकडे. ही कोच डीन स्मिथची शिस्त. १९६१ ते १९९७ ते मुख्य कोच होते. स्वतः कॅन्ससला फॉग ॲलन यांच्या हाताखाली खेळले, आणि ॲलन यांना शिकवलं होतं खुद्द नेस्मिथने, ज्याने हा खेळ काढला. आपल्या गाण्यातल्या घराण्यासारखीच सरळ परंपरा.

त्यामुळे १९८२ च्या राष्ट्रीय फायनलचा तो जगप्रसिद्ध फोटो बघतानाही मी डाव्या बाजूने हवेत गेलेल्या मायकेल जॉर्डनपेक्षा जिमी ब्लॅकला शोधते. २९ मार्च, न्यू ऑर्लिन्सचं सुपरडोम, साठ हजारांवर प्रेक्षक, जॉर्जटाउन एका गुणाने पुढे, वीसहूनही कमी सेकंद उरलेले. पास ब्लॅकचा, शॉट पहिल्या वर्षाला असलेल्या पोराचा, ६३-६२. जॉर्डनचं पुढे काय झालं ते जगाला माहीत आहे. त्यानंतरच्या काही सेकंदांत जॉर्जटाउनच्या फ्रेड ब्राउनने गडबडीत चेंडू आपला माणूस समजून थेट नॉर्थ कॅरोलायनाच्या जेम्स वर्दीच्या हातात दिला आणि सामना संपला. जॉर्जटाउनचे धिप्पाड कोच जॉन थॉम्पसन यांनी कोर्टवरच ब्राउनला मिठीत घेतलं, त्याचा फोटो आहे. बाबांनी तो पुन्हा काढायला लावला. "आमचा कोच असता तर बसमध्ये घेतलंच नसतं त्याला," म्हणाले. आणि मग जरा थांबून, "मी पण नसतं घेतलं."

सगळं काही भारावून जाण्यासारखं नाही. रक्ताच्या फोटोंचं इथल्या लोकांना जे वेड आहे ते माझ्या डोक्यात जातं. फेब्रुवारी १९९२, शेजारच्या, कट्टर प्रतिस्पर्धी आणि तेव्हा पहिल्या क्रमांकाच्या ड्यूक विद्यापीठाविरुद्ध नॉर्थ कॅरोलायनाचा एरिक माँट्रॉस चेहऱ्यावर रक्ताचा ओघळ घेऊन फ्री थ्रो मारतोय. सामना ७५-७३ ने जिंकला. मार्च २००७, पुन्हा ड्यूक. कोपर लागून टायलर हॅन्सब्रोचं नाक फुटलंय आणि तो रक्ताळलेल्या तोंडाने डोळे वटारून बघतोय. सामना जवळजवळ संपलेला, निकाल ठरलेला, तरी हे झालं. घराघरात हे फोटो फ्रेम करून लावलेले दिसतात. माझ्या लेकीच्या होस्टेलच्या खोलीत हॅन्सब्रोचा होता, पलंगाच्या वर! मी म्हटलं, बाळ, इथे गणपती लाव. ती म्हणाली, आई, गणपती टेबलावर आहे. आता नियमच आहे, रक्त आलं की खेळाडूला बाहेर जावं लागतं. माँट्रॉस पुढे बरीच वर्षं याच संघाचं रेडिओवर समालोचन करायचे. २०२३ च्या डिसेंबरात कॅन्सरने गेले, बावन्न वर्षांचे होते. तेव्हाही सगळ्यांनी शेअर केला तो रक्ताचाच फोटो. हसरा एखादा सापडला नसेल का?

आणि ल्यूक मे. २०१७ मध्ये रविवारी केंटकीविरुद्ध शेवटच्या क्षणी बास्केट मारून याने संघाला फायनल फोरमध्ये, म्हणजे शेवटच्या चारांत नेलं, आणि सोमवारी सकाळी आठच्या तासाला हजर. वर्गातल्या पोरांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. कोणीतरी फोनवर टिपलेलं ते दृश्य देशभर फिरलं. मराठी आईबापांना यापेक्षा आवडता खेळाडू मिळणार नाही. आमच्या मंडळाच्या ग्रुपवर तर "बघा, शिका" म्हणून आलं होतं. पण मी इथे इतकी वर्षं राहते, त्यामुळे सांगते. याच विद्यापीठात तास न घेता नुसत्या एका निबंधावर मार्क देणारे वर्ग वर्षानुवर्षं चालले होते. २०१४ च्या चौकशी अहवालात आलं की अठरा वर्षांत तीन हजारांवर विद्यार्थ्यांनी त्याचा फायदा घेतला, त्यात खेळाडू भरपूर. म्हणून आठच्या तासाचं कौतुक जरा जास्तच झालं असावं. आपल्याकडे खेळाडूला सवलतीचे मार्क मिळतात म्हणून इथल्या कोणी नाक मुरडलं, तर हा आकडा मी तयार ठेवलेला असतो.

मुलींच्या संघाचा एक फोटो मी म्हटलं म्हणून लेकीने शोधला. १९९४ ची फायनल, लुइझियाना टेक दोन गुणांनी पुढे, घड्याळात ०.७ सेकंद. सात दशांश! चेंडू आत आला, शार्लट स्मिथने तीन गुणांचा शॉट मारला, ६०-५९. त्या सामन्यात तिने रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या शॉटचे परत आलेले चेंडू, घेतले होते २३. या शॉटचा फोटो जॉर्डनच्या शॉटइतका का दिसत नाही, हे मी इथल्या मंडळींना विचारत असते आणि ते विषय बदलतात. मीही खेळायचे कॉलेजात. आमच्या मुलींच्या संघाचा फोटो निघालाच नाही, खुर्च्यांसहसुद्धा नाही. मुलांचा काढून झाल्यावर रोल संपला म्हणे. नंतर मी अभ्यासासाठी खेळ सोडला, आणि त्या अभ्यासामुळेच इथवर आले, त्यामुळे मला त्याचं काही वाटत नाही. बाबांना मात्र अजून वाटतं, असं त्यांनी लॅपटॉपकडे बघत सांगितलं.

डीन स्मिथचं एक फोटोंमध्ये न सापडणारं प्रकरण आहे. ते सहाय्यक कोच होते तेव्हा चॅपल हिलमधल्या एका हॉटेलात काळ्या माणसाला वाढत नसत. स्मिथ आपल्या पाद्र्याबरोबर एका काळ्या विद्यार्थ्याला घेऊन तिथे जेवायला गेले, आणि त्यांना वाढलं गेलं. पुढे १९६६ मध्ये चार्ली स्कॉट आला, या विद्यापीठाने खेळासाठी शिष्यवृत्ती दिलेला पहिला काळा खेळाडू. त्याचे फोटो ढीगभर आहेत. त्या जेवणाचा मला एकही दिसला नाही. आणि याच स्मिथचा पुतळा १९६५ च्या जानेवारीत विद्यार्थ्यांनी झाडाला टांगला होता, सामना हरले म्हणून. संघाची बस परतली तेव्हा संघातल्या बिली कनिंगहॅमने उतरून तो ओढून काढला. आज २१ हजारांवर प्रेक्षकांचं स्टेडियम त्यांच्याच नावाचं. पुतळे टांगणं आणि मग नाव देणं, यात आपण आणि ते सारखेच.

स्मिथ २०१५ मध्ये वारले. त्यानंतर महिन्याभराने एक फोटो सगळीकडे फिरला, एका साध्या पत्राचा. मृत्युपत्रात त्यांनी आपल्या संघातून खेळलेल्या प्रत्येकाला दोनशे डॉलर ठेवले होते, बाहेर छान जेवून या म्हणून. साधारण १८० जण. जॉर्डनला दोनशे, बेंचवर बसून राहिलेल्यालाही दोनशे. म्हणजे त्यांच्याकडे यादी होती. सगळ्यांची नावं होती, पत्त्यांसकट.

बाबा आता नागपूरला परत गेले आहेत. जाऊन आठवडा झाला नसेल, त्यांनी आपल्या संघाचा फोटो स्कॅन करून जुन्या खेळाडूंच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, डावीकडून उजवीकडे नावं सांगा. तेव्हापासून भांडण पेटलंय. मागच्या रांगेतल्या तिसऱ्यावर दोन जण दावा सांगताहेत. एक म्हणतो तो मीच, कान बघा. दुसरा म्हणतो त्या वर्षी तुला कावीळ झाली होती, तू अमरावतीला होतास. तिसऱ्याने कावीळ पुढच्या वर्षीची असल्याचं सांगून तिच्या तारखा टाकल्यात. बाबा रोज सकाळी फोनवर मला ताजी स्थिती कळवतात. प्रमुख पाहुण्यांची पट्टी फ्रेम बदलताना दुकानदाराने कापली होती, तेव्हा ते कोण होते हेही आता कोणाला सांगता येत नाहीये. कोणी म्हणतं आमदार, कोणी म्हणतं सायकलच्या दुकानाचे मालक.